३२५ डॉलर नव्हे, ३२५ डॉलरची परवानगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तुम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या बजेटवर आणि तिथले गव्हर्नर एव्हर्स यांच्या त्या गाजलेल्या व्हेटोवर, म्हणजे बजेटमधला मजकूर खोडण्यावर, लेख छापलात, मथळा दिलात ‘शाळांना ४०० वर्षांचा निधी’. इथे मी सकाळी डबे भरत होते तेवढ्यात कराडहून आईचा फोन, "अगं वाचलं मी, बरं झालं बाई, आता तरी लेकराची वर्गातली मदतनीस परत येईल ना?" मला तिला नाही म्हणावं लागलं. का नाही ते सांगण्यात अर्धा तास गेला, आवाज ऐकून कळत होतं की तिला ते पटलेलं नाही, कारण पेपरात वेगळं छापलंय.

निधी नाहीये हो तो! मी इथल्या राजधानीजवळ, मॅडिसनजवळ १९ वर्षं राहतेय, इथे मतदान करते, इथला टॅक्स भरते, म्हणून कळकळीने सांगते. शाळांनी जास्तीत जास्त किती पैसे गोळा करायचे याला इथे १९९३ पासून कायद्याने मर्यादा आहे. त्या मर्यादेत राज्याची मदत आणि आमचा घरपट्टीसारखा प्रॉपर्टी टॅक्स दोन्ही धरतात. २००९ पर्यंत ती मर्यादा महागाईप्रमाणे वाढत होती, मग ते बंद झालं आणि शाळांचे हाल सुरू झाले. २०२३ मध्ये एव्हर्स यांनी बजेटवर सही करताना ‘२०२४-२५’ मधले ‘२०’ आणि मधली रेघ खोडली, राहिलं २४२५. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलरने मर्यादा वाढवायची ती आता सन २४२५ पर्यंत. कोर्टातही हा व्हेटो एप्रिल २०२५ मध्ये ४ विरुद्ध ३ असा टिकला. इथवर तुमचा लेख बरोबर आहे. पण वाढली ती परवानगी. पैसे कुणी घालायचे हे त्या खोडलेल्या आकड्यांत कुठेच नाही, आणि जुलै २०२५ च्या बजेटमध्ये शाळांची सर्वसाधारण मदत राज्याने एका डॉलरनेही वाढवली नाही. विधिमंडळाने ते बजेट पास केलं, गव्हर्नरनी मध्यरात्रीनंतर सही केली, दोघांचेही हात त्याला लागलेत. मग मर्यादा वाढली आणि राज्याची मदत तेवढीच राहिली तर उरलेला बोजा कुणावर येतो? शाळेने वाढीव परवानगी वापरली की तो आमच्यावरच येतो.

डिसेंबरात टॅक्सचं बिल येतं ते अजून माझ्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं आहे. त्यात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), गाव, टेक्निकल कॉलेज आणि शाळा अशा ओळी आहेत, मागचं वर्ष आणि हे वर्ष शेजारी शेजारी, आणि शाळेची ओळ सगळ्यात मोठी. मी पेनने तिच्याभोवती गोल केलाय. पैसे द्यायला माझी अजिबात ना नाही, शाळेला जास्त पैसे द्यायचे का यावर जेव्हा जेव्हा रेफरेंडम, म्हणजे लोकांचं मतदान, आलं तेव्हा मी ‘हो’वरच खूण केली आहे. पण मी देतेय ते माझ्याकडून घेतलंय असं तरी म्हणा, राज्याने दिलं असं छापू नका.

आता आमच्या आमदारांचं सांगते. असेंब्ली आणि सिनेट ही इथल्या विधिमंडळाची दोन सभागृहं, असेंब्लीतले एका पक्षाचे, सिनेटमधले दुसऱ्या पक्षाचे, दोघांची अपडेटची ईमेल दर थोड्या दिवसांनी येतात. एकांच्या ईमेलमध्ये असतं की गव्हर्नरच्या व्हेटोमुळे तुमचा टॅक्स ४०० वर्षं वाढत राहणार. दुसऱ्यांच्या ईमेलमध्ये असतं की आपण शाळांना दरवर्षी ३२५ डॉलर मिळवून दिले. पहिल्यांनी हे सांगितलं नाही की मदत वाढवली असती तर टॅक्स इतका वाढलाच नसता. दुसऱ्यांनी हे सांगितलं नाही की मिळाली ती फक्त परवानगी. आणि तुमच्या वार्ताहराने यातली एक बाजू उचलली आणि आईच्या दारात नेऊन टाकली.

त्यातल्या एका आमदारांनी लायब्ररीत लोकांना भेटायचा कार्यक्रम ठेवला होता तेव्हा मी ते बिल घेऊन गेले. आम्ही दहा-बारा जण होतो. मी विचारलं, माझ्या मुलाच्या वर्गातली मदतनीस का काढली? मुलगा तिसरीत आहे, त्याला गोंगाट सहन होत नाही. एक तास संपून दुसरा सुरू व्हायचा की त्या बाई त्याच्या बाकावर बोटाने दोनदा हलकेच वाजवायच्या, मग तो स्वतः हेडफोन चढवायचा आणि रांगेत उभा राहायचा. एवढंच काम, पण दोन वर्षं लागली होती ते बसायला. आता एक मदतनीस तीन वर्गांत फिरते. सुरुवातीच्या आठवड्यात तो कॉरिडॉरमध्ये बेंचखाली जाऊन बसला, शाळेतून फोन आला, मी ऑफिसातून गेले तर तो स्वतःच्याच हाताने जमिनीवर दोनदा वाजवत होता. एकदा थांबायचा, परत दोनदा.

हे मी सगळं सांगितलं. त्यांच्या स्टाफमधल्या मुलाने पिवळ्या पॅडवर लिहून घेतलं, आमदार आदराने बोलले, ते नाकारत नाही. तीन आठवड्यांनी अपडेट आलं त्यात होतं की विशेष मुलांच्या शिक्षणात ऐतिहासिक वाढ केली. बजेटमध्ये ते आकडे आहेत खरे, आधी या मुलांवरच्या खर्चाच्या साधारण एक तृतीयांश राज्याकडून शाळेला परत मिळायचं, ते पहिल्या वर्षी ४२ आणि दुसऱ्या वर्षी ४५ टक्के करू असं ठरलं, गव्हर्नरनी ६० मागितले होते. पण त्यासाठी एक ठरावीक रक्कमच बाजूला काढलेली असते, सगळ्या शाळांचा मिळून खर्च वाढला की टक्का आपोआप खाली येतो. आणि ४५ टक्के मिळाले तरी उरलेले ५५ शाळेने दुसऱ्या मुलांच्या पैशातूनच काढायचे ना? तिथेच मदतनिसांच्या जागा जातात. हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

आणखी एक. लेखभर तुम्ही ‘राज्यपाल’ लिहिलंय. आपल्याकडचे राज्यपाल दिल्लीहून नेमलेले असतात, धन विधेयक त्यांना परतसुद्धा पाठवता येत नाही. इथला गव्हर्नर निवडून येतो आणि बजेटमधले शब्द, आकडे खोडू शकतो, १९३० पासून. लोकांनी मत देऊन त्याला दोनदा वेसण घातली, १९९० मध्ये शब्दांतली अक्षरं खोडून नवीन शब्द करायला बंदी केली आणि २००८ मध्ये वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडायला. आकडे राहिले म्हणून तर हे घडलं. ‘राज्यपाल’ वाचून आईने मला विचारलं, मग राजभवनात अर्ज करून बघ की! तिची काय चूक?

आणि लेखाबरोबरचा फोटो वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा, म्हणजे देशाच्या संसदेच्या इमारतीचा आहे. मॅडिसनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीवर, सोनेरी पुतळा आहे, मी रोज त्याच्यासमोरून जाते.

दुरुस्ती कृपया आतल्या पानावर कोपऱ्यात छापू नका, मथळा ज्या पानावर होता त्याच पानावर छापा. आई पहिलं पान चष्मा लावून पूर्ण वाचते, आतलं शेजारच्या काकूंना देऊन टाकते. मी फोनवर कितीही सांगितलं तरी तिचा विश्वास छापलेल्यावरच आहे, आणि ती दर रविवारी विचारणार, मदतनीस आली का गं.

आपली,
एक वाचक
(मूळची कराडची, सध्या मॅडिसनजवळ, विस्कॉन्सिन)