स्पिटफायरचं स्टेअरिंग जमलं एकदाचं, थँक्यू मंडळी!

काकांच्या जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचं (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) स्टेअरिंग एकदाचं जमलं, आणि ज्यांच्यामुळे जमलं त्यांनी नाव टाकायचं नाही असा दम भरलाय म्हणून बिननावाचेच आभार. धुळ्याच्या स्पेअर पार्टवाल्या दादांनी माळ्यावरून हेराल्डचे कोरे टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) काढून दिले, मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड अन् ही स्पिटफायर खालून बहिणीच म्हणा ना. जळगाव एमआयडीसीतल्या लेथवाल्या भाऊंनी स्टेअरिंगच्या रॅकचा, म्हणजे दातेरी दांड्याचा, बुश करून दिला, वरून पिनियनच्या (तो दांडा सरकवणाऱ्या दातेरी चाकाच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, एकेक काढत-घालत बसले, ढिलं पण नको आणि जाम पण नको, पैसे विचारले तर म्हणे राहू दे भो, एक चक्कर दे.

आणि भुसावळचे चाचा! त्यांनी तर पोराच्या हातातली ग्रीस गनच हिसकावली, ट्रनियनला (पुढचं चाक वळतं तो खालचा आट्यांचा सांधा) ग्रीस नाही, नव्वदचं गिअर ऑइल लागतं, नाहीतर आतले आटे कोरडे राहतात, घासतात, आणि चाक धरणारी लिंक तुटून चाक आडवं. हे आजकाल सांगतं कोण?

रविवारी मेहरूण तलावाला चक्कर, मग भरीत अन् कळण्याच्या पुऱ्या, तिघांनीही यायचंच. गाडी दोनच सीटची आहे, नंबर लावा.