ब्रेक ऑइल नुसते भरू नका, ते का कमी झाले ते आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी आपल्या अंकात एक चौकट आली होती. टायरची हवा, कूलंट, वायपर यांच्या जोडीने तिच्यात ब्रेक ऑइलबद्दलही एक ओळ होती : पातळी कमी असल्यास भरून घ्यावे. आंबेनळी घाट उतरून आलात की पोलादपूर लागते, तिथे माझे गॅरेज आहे. महाबळेश्वरहून खाली आलेल्या गाड्या माझ्या दारात थांबतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते : ब्रेकचे पेडल खाली जातेय. त्यामुळे त्या एका ओळीवर लिहिल्याशिवाय मला राहवले नाही.

ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारी ती बंद यंत्रणा आहे. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली तर त्याला कारणे दोनच. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरणारे पॅड झिजत जातात तसतसा त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतले ऑइल खाली जाते. ही घट महिनोन्‌महिने चालते, हळूहळू. दुसरे कारण गळती. डबीत एक तरंगता स्विच असतो, पातळी फार उतरली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेकचा आणि हा दिवा एकच असतो, म्हणून लोक हँडब्रेक खाली-वर करून बघतात आणि दुर्लक्ष करतात. काही जण पेट्रोल पंपावर किंवा दुकानात थांबून ऑइल ओतून घेतात. दिवा विझतो. पॅड मात्र झिजलेलेच राहतात आणि ते सांगणारी खूण आपण आपल्या हाताने बंद केलेली असते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच जास्तीचे ऑइल डबीतून बाहेर येते आणि जिथे सांडेल तिथला रंग खाते. (सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसते फडक्याने पुसून भागत नाही.)

म्हणून पातळी कमी दिसली की आधी पॅड आणि ड्रम ब्रेकमधले लायनर (पॅडसारखेच झिजणारे अस्तर) पाहायचे. ते चांगले असतील तर गळती शोधायची. मागच्या ड्रममध्ये लायनरला दाबणारा व्हील सिलिंडर पाझरत असेल तर टायरची आतली बाजू ओली दिसते. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले असेल तर ऑइल पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या पोटात जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. अशा वेळी इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरावे. पाय हळूहळू खाली जात राहिला तर गाडी घाटात नेऊ नये, एवढे मी कुणालाही ठामपणे सांगतो. काही गाड्यांत क्लचही याच डबीतल्या ऑइलवर चालतो, तिथली गळतीही तपासावी लागते.

आता ज्यांची पातळी पूर्ण भरलेली आहे त्यांच्याविषयी. मला जास्त काळजी त्यांचीच वाटते, कारण बॉनेट उघडून डबी भरलेली दिसली की त्यांना वाटते झाले. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांचे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ना, तसाच याचा ओलाव्याशी संबंध, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. डबीच्या झाकणातून, रबरी होजमधून ओल आत शिरत राहते, मग गाडी दारात उभी असली तरी. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या पावसात राहणाऱ्या गाड्यांनी तर हे विसरूच नये.

या ओलाव्याने काय होते ते आकड्यांत सांगतो. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी गेले की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला, मध्ये सुमारे ४० किलोमीटरचा वळणांचा रस्ता. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सात लिटर पाण्याची पार वाफ होईल. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर जवळपास सगळी उष्णता डिस्क आणि ड्रममध्ये जाते. तिथून ती कॅलिपरमधल्या ऑइलला लागते, ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पूर्ण खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही.

यातला सर्वांत फसवा भाग पुढे आहे. गाडी अर्धा तास उभी केली की सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पहिल्यासारखे कडक लागते. मी ऑइल बदला म्हणालो की गिऱ्हाईक म्हणते, आता तर ठीक आहे, उगाच खर्च कशाला काढता? आणि निघून जाते. पुढच्या घाटात तेच ऑइल त्याच्यासोबत असते, त्यातले पाणी कुठेही गेलेले नसते. कुणी कुणी तापलेल्या चाकांवर बाटलीतले पाणी ओततात, तेही करू नका. लाल तापलेली डिस्क वाकते, कधी तडकते. आणि उतारावर पेडल खाली गेलेच, तर ते भराभर पंप करा, एकेक करून गिअर खाली आणा, हँडब्रेक झटक्यात न ओढता थोडा थोडा ओढा आणि गाडी डोंगराच्या अंगाला घ्या. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी उतारावर डी मध्ये न राहता एल किंवा मॅन्युअल मोड वापरावा. ही सोय गाडीत आहे हेच अनेकांना माहीत नसते.

बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असे लिहिलेले असते. अर्धा लिटरचा डबा दोन-तीनशे रुपयांना मिळतो, एका मोटारीला असे एक-दोन डबे पुरतात. पण बदलणे म्हणजे काय हेही गिऱ्हाइकाने समजून घ्यावे. डबीतले काळे ऑइल सिरिंजने ओढून वर नवे भरले की ते दिसायला स्वच्छ दिसते. जिथे उकळते त्या कॅलिपरमध्ये मात्र जुनेच असते. प्रत्येक चाकाचे ब्लीडर निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडून स्वच्छ नवे ऑइल येईपर्यंत जुने बाहेर काढावे लागते, आणि तोवर डबी रिकामी होऊ द्यायची नसते, नाहीतर हवा आत जाते. तुम्ही गॅरेजमध्ये शेजारी उभे राहा. चारही निपल उघडली का ते पाहा. यात कुठल्याही प्रामाणिक मेकॅनिकला राग येण्यासारखे काही नाही.

डबाही तुमच्यासमोर फोडायला सांगा. उघडलेला डबा ओल धरतो, म्हणून उरलेले ऑइल डिकीत जपून ठेवून सहा महिन्यांनी वापरण्यात अर्थ नाही. गाडीच्या झाकणावर जो डॉट लिहिला असेल तोच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे, ते या गाड्यांत चालत नाही, नाव जवळचे असले तरी डॉट ५.१ हे त्याहून वेगळे. आणि अडचणीच्या वेळीसुद्धा इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल या डबीत टाकू नका. खनिज तेलाने आतली रबरी सिले फुगतात, ब्रेक धरून बसतात किंवा लागेनासे होतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. त्याच नरसाळ्याने इंजिन ऑइल ओतलेले असेल तर ते नरसाळेही वापरू नये.

पुण्याहून मोटरसायकलवर येणाऱ्या मुलांसाठी थोडे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. चांगले झाले. पण एबीएस चाक अडकू देत नाही, उकळलेल्या ऑइलवर त्याचा काही इलाज नाही. तुमच्या हँडलवरच्या छोट्या डबीत ऑइल असते थोडेसेच, आणि मागच्या ब्रेकवर पाय टेकवून घाट उतरायची सवय फार जणांना आहे.

सरकारी तपासणीचेही सांगायला हवे. व्यावसायिक गाड्यांना पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. तिथे ब्रेकचा जोर मोजतात, पण थंड गाडीवर. पाणी धरलेले ऑइल त्या परीक्षेत आरामात पास होते. खासगी मोटारीला तर पंधरा वर्षे कुणी विचारतच नाही, पीयूसीमध्ये फक्त धूर पाहतात. ऑइलमधल्या ओलाव्याचा अंदाज देणारे पेनासारखे मीटर काही शे रुपयांना मिळते. ते अगदी काटेकोर नसते, पण फार बिघडलेले ऑइल दाखवून देते. परिवहन विभागाने निदान शाळेच्या व्हॅन आणि प्रवासी जीप यांच्या फिटनेसमध्ये ही तपासणी आणि ब्रेक ऑइल बदलल्याचे बिल, या दोन गोष्टी आणाव्यात अशी माझी मागणी आहे. एसटीच्या मोठ्या बसला हवेचे ब्रेक असतात. मुले ज्या छोट्या गाड्यांत कोंबून बसवली जातात, त्या मात्र याच ऑइलवर थांबतात.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी व्हॅनवाल्या दादांना ते बिल दाखवायला सांगावे, आणि दोन वर्षांत ऑइल बदललेले नसेल तर सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून ते बदलून घ्यावे. एका घराच्या वाट्याला शंभर रुपयेसुद्धा येणार नाहीत.

आपला,
एक गॅरेजचालक,
पोलादपूर, जि. रायगड