पेंच म्हणजे यलोस्टोन नव्हे, इथला वणवा माणूस लावतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाकडून वणव्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यांच्या पाठोपाठ हल्ली एक मतही ऐकू येते. आग हा निसर्गाचाच भाग आहे, अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत ती जळू देतात, मग आपण अभयारण्यात ती विझवायला माणसे का धाडायची? आपल्या स्तंभातही या आशयाचे पत्र वाचले. लिहिणाऱ्यांचे जंगलावरचे प्रेम खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा विचार उद्या सिव्हिल लाईन्समधल्या वनभवनात धोरण म्हणून रुजला, तर विदर्भातल्या जंगलाचे भरून न येणारे नुकसान होईल, असे मला कळकळीने वाटते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून आधी त्याचेच पाहू. तिथे १९७२ पासून विजेने लागलेल्या आगी, वस्तीला धोका नसेल तर, जळू देण्याचे धोरण आले. त्याला आधार होता. तिथल्या लॉजपोल पाइनच्या बऱ्याच झाडांची शंकूसारखी फळे राळेने घट्ट बंद असतात. आगीची धग लागली की ती उघडतात आणि बी राखेत पडते. म्हणजे ते जंगल आगीसोबतच घडलेले आहे. तरीही १९८८च्या कोरड्या उन्हाळ्यात आगी हाताबाहेर गेल्या आणि उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे जवळपास ३,२०० चौरस किलोमीटर प्रदेश आगीच्या कवेत आला. आपल्या ताडोबाचे गाभा आणि बफर मिळून सारे क्षेत्र १,७२७ चौरस किलोमीटर आहे. जुलैतच 'जळू द्या' थांबवून सगळ्या आगी विझवायचा निर्णय तिथे घ्यावा लागला. हजारो माणसे लढत होती, पण आगी खऱ्या अर्थाने आटोक्यात आल्या त्या सप्टेंबरातल्या बर्फवृष्टीने. शिवाय त्यातल्या सर्वांत मोठ्या आगींपैकी एक आग एका लाकूडतोड्याच्या सिगारेटची होती. आपल्याकडे मे महिन्यात बर्फ पडत नाही.

आता आपल्याकडची आग. विदर्भात वीज पडते ती बहुतेक वेळा पावसाबरोबर, वळीव असो की मृग. वणव्यांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत, आणि त्याचा जोर मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा आभाळ कोरडे ठणठणीत असते. त्या दिवसांत जंगलात कोण जाते आणि कशाला जाते, हे पेंचजवळच्या देवलापारच्या अलीकडे-पलीकडे कोणत्याही गावात विचारा. मोह गळू लागतो. फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि पुढच्या झाडाकडे जातात. मागची धग विझली की नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही. पुढे तेंदूपत्त्याचे दिवस येतात. आग फिरली की तेंदूला कोवळी, नितळ पाने फुटतात, असा जुना समज. गुरांना हिरवे गवत लवकर मिळावे, झुडपाआड वाघ बसला असेल तर दिसावा, ही आणखी कारणे. यातले शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये. पहाटेच्या अंधारात मोह वेचणारी बाई जीव मुठीत धरूनच जात असते. बांबूला बांबू घासून आग लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते कारण पुढे करणे सोयीचे असते, कारण मग चौकशी लागत नाही.

म्हणून आपल्या अभयारण्यात 'नैसर्गिक वणवा जळू द्यावा का' हा प्रश्नच मुळात उभा राहत नाही. जळते ते माणसाने लावलेले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. त्या आगीला निसर्गाचे नाव देऊन आपण बाजूला बसायचे का?

एप्रिलची आग वरवर फारशी भयंकर दिसत नाही. सागाच्या जंगलात ती शेंड्याला जात नाही, पाचोळ्यातून सरपटत राहते. दोन पावसांत सगळे हिरवे होते आणि पाहणाऱ्याला वाटते, झाले पूर्ववत. पण रातव्याची, टिटवीची, रानकोंबडीची अंडी याच दिवसांत जमिनीवर असतात. घोरपड आणि खवल्या मांजराला पळून पळून जायचे तरी कुठे? सागाचे रोप वर जळाले तरी मुळातून पुन्हा फुटते, सगळ्याच झाडांना ते जमत नाही. मोहाखाली तर दरवर्षी जाळ होतो, त्यामुळे तिथे मोहाचे नवे रोप तग धरत नाही. आज लोक ज्या झाडांवर पोट भरतात ती आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत, आणि त्यांच्या जागी येणारे कोणी नाही. मला या साऱ्या प्रकारात सर्वांत जास्त लागते ते हेच. आणि उघड्या पडलेल्या उतारावरची राख-माती पहिल्या पावसात वाहून कुठे जाते? पेंचमध्ये. तोतलाडोहचे पाणी आपण नागपूरकर पितो.

याचा अर्थ काडीही ओढू नये, असे मी म्हणत नाही. काझीरंगात वनविभाग दर हिवाळ्यात ठरवून गवताळ पट्टे जाळतो, म्हणूनच तिथले गवत कोवळे राहते. कर्नाटकातल्या बिलिगिरी रंगन टेकड्यांमधले सोलिग आदिवासी सांगतात की त्यांची हंगामाच्या सुरुवातीची हलकी आग बंद पाडली आणि रायमुनियाने, म्हणजे घाणेरीच्या झुडपांनी, जंगल गिळले. आपल्याकडेही रायमुनिया माजली आहेच. त्यांचे म्हणणे ऐकायलाच हवे. पण ती आग थंडीच्या शेवटी लावलेली, राखलेली आणि विझवलेली असते. आपल्या जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून जंगलात मोकळे ठेवलेले पट्टे, १५ फेब्रुवारीपूर्वी जाळून साफ करतात, ती याच शहाणपणाची वाट आहे. जंगलाच्या कोणत्या कक्षात (वनविभागाने क्रमांक दिलेल्या तुकड्यात), कोणत्या कुरणात, किती वर्षांआड असे जाळायचे हे बीटगार्ड आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. एप्रिलच्या भर दुपारी लागलेल्या आगीला हा न्याय लागू होत नाही. ती विझवलीच पाहिजे.

आणि ती विझवतो कोण? हंगामी वनमजूर. हातात हिरव्या फांद्या, फार तर पाठीला पाचोळा उडवणारा ब्लोअर, अंगावर साधे सुती कपडे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या आगीत असे तीन मजूर होरपळून गेले. देहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरून मिळालेला इशारा आज थेट मोबाइलवर येतो, तिथवर आपण पोहोचलो. इशारा मिळाल्यावर धावणाऱ्या माणसाच्या पायात धड बूट असावेत, इथवर मात्र सगळीकडे पोहोचलेलो नाही.

तेव्हा वनविभागाकडे माझे मागणे असे. मोह गळायच्या आधी गावागावांत झाडाखाली अंथरायच्या जाळ्या पोहोचवाव्यात, आग लावायची गरजच उरणार नाही. तेंदूसाठी आगीऐवजी खुटकटाईची, म्हणजे नवी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटण्याची, मजुरी वेळेवर द्यावी. अग्निरक्षकांना आगीपासून वाचवणारे कपडे, बूट आणि विमा हंगाम सुरू होण्याआधी मिळावा, दुर्घटनेनंतर नव्हे. आणि प्रत्येक आगीचा कक्ष क्रमांक, जळालेले क्षेत्र व चौकशीत निघालेले कारण जूनअखेर लोकांसमोर मांडावे. 'कारण अज्ञात' लिहून फाईल बंद करण्याची पद्धत तेवढी थांबवा.

आपला,
एक वाचक, नागपूर