मुंबई–लंडन अंतर ९४५ किलोमीटरने कमी आणि पोहोचण्याची वेळ चार तास आधीची

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या तिकीट आरक्षणाच्या संकेतस्थळावरील ‘अंतर व प्रवासवेळ’ या सोयीतील चुका

महोदय,

मुंबई ते लंडन हीथ्रो निवडले की आपले पान ‘३,८९४ मैल, ६,२६७ किमी, ६ तास ५८ मिनिटे’ असे दाखवते. यातला पहिला आकडा बरोबर आहे, पण तो नॉटिकल मैलांचा. एक नॉटिकल मैल १.८५२ किमीचा असतो. आपण साधा मैल धरून १.६०९ ने गुणले आहे. खरे अंतर सुमारे ७,२१२ किमी. मधले ९४५ किमी गळाले, म्हणजे मुंबई–नागपूर रस्त्यापेक्षाही जास्त!

पुढे या चुकीच्या अंतराला ताशी ९०० किमीने भागले आहे. तो वेग उंचावर, वारा नसताना. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि उतरायची पाळी येईपर्यंत हीथ्रोजवळ बोव्हिंगडन किंवा लॅम्बोर्न या ठिकाणांवर घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यात कुठेच नाहीत. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात हाच प्रवास साधारण साडेनऊ-दहा तासांचा असतो. परतीला वेळ कमी लागतो, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. आपल्याकडे मात्र जाता-येता मिनिटाचाही फरक नाही. शिवाय २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडतो; परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही. म्हणून वेळ कंपनीनिहाय दाखवायला हवी.

घड्याळाची चूक सगळ्यांत घातक. आपण भारत आणि ब्रिटनच्या घड्याळांत बारा महिने साडेपाच तासांचा फरक धरता. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. त्या काळात फरक साडेचारच तासांचा. जुलैत मुंबईहून दुपारी १.३० ला निघणाऱ्या विमानाला आपले पान लंडनला २.५८ ला उतरवते. दहा तास धरले तर ते संध्याकाळी ७ ला उतरेल. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, त्यामुळे त्या एकमेकींना खोडत नाहीत, साचतात. त्याच पानावर खाली ‘पुढचे विमान शोधा’ हे बटण आहे. त्यावरून संध्याकाळी ५ चे एडिनबराचे वेगळे तिकीट काढणाऱ्याचे ते विमान हुकणारच, आणि तिकिटे स्वतंत्र असल्याने दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. एकक बदला, वेळ भागाकाराने न काढता कंपनीच्या वेळापत्रकातून घ्या आणि कालफरक प्रवासाच्या तारखेनुसार काढा. तोवर ते बटण बंद ठेवावे, आणि या पानावरून जोडविमान घेतलेल्या ग्राहकांना बदलशुल्क न आकारता तिकीट बदलून द्यावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. पानाच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक