गोळी कशी घेता, असं विचारणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण हे पत्र वाचलंत तर तुम्हाला ओळख पटेल. गरोदरपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात ८.९ हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हातात घेऊन आलेली आणि एक जिना चढल्यावर दोन मिनिटं तोंडातून शब्दच न फुटलेली बाई, ती मी.

त्या दिवसापर्यंत माझ्या थकव्यावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं, शेवटचे महिने असेच जातात. मीही तेच धरून चालले होते. केस विंचरता विंचरता हात भरून यायचा. बसल्या जागी छातीत धडधडायचं. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं, उठून फेऱ्या मारल्या की थांबायचं आणि परत पडलं की सुरू. आणि बर्फ! दिवसभर मी बर्फ कडाकडा चावून खात होते, पण हे कुणाला सांगायची लाज वाटायची. तुम्ही अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून पाहिलीत आणि अगदी सहज विचारलंत, "बर्फ, माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का?" शरीरात लोह कमी पडलं की असं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मनात दडवलेली गोष्ट तुम्ही फक्त कागदावर टिपून घेतलीत.

मग तो प्रश्न आला. याआधी मला प्रत्येकाने लोहाच्या गोळ्यांबद्दल "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारलं होतं आणि मी प्रत्येकाला "हो" म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, "गोळी कशी घेता?"

मी सांगितलं की सकाळी चहाबरोबर, आणि कॅल्शियमचीही तेव्हाच, म्हणजे विसरायला होत नाही. तुम्ही पेन खाली ठेवलंत. काही बोलला नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत थांबलात. त्या शांततेत मी खरं बोलून गेले. तीन आठवडे झाले, मी गोळी घेतच नव्हते. मळमळ, तोंडाला लोखंडासारखी चव, आणि बद्धकोष्ठ एवढं की संडासला जायचीच भीती बसली होती. त्यात शौचाला काळं होताना पाहून मी घाबरले आणि गोळी बंद केली.

आता बोलणी खावी लागणार, असं मी धरून चालले होते. बाळाचा विचार नाही का केला, हे ऐकायची तयारी करून मी मान खाली घातली होती. तुम्ही म्हणालात, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून आम्ही दुसरंच काहीतरी शोधत बसलो असतो." सिस्टर, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही दोन रकाने आखलेत. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध गोळीच्या आधी नाही आणि नंतरही निदान तासभर नाही. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. अॅसिडिटीचं औषधही गोळीपासून लांब. उपाशीपोटी मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या, लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी चुकण्यापेक्षा ते बरं. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, त्याला घाबरायचं नाही. बद्धकोष्ठाचं तुम्ही स्वतः डॉक्टरांच्या कानावर घातलंत आणि त्यांनी गोळी बदलून दिली.

आकड्यांचा अर्थही तुम्हीच लावून दिलात. गरोदरपणात लाल पेशी वाढतात, पण रक्तातलं पाणी त्याहून जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन थोडं खाली येतंच. तरी शेवटच्या तीन महिन्यांत ते ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असंच धरतात. शरीरात लोहाचा साठा किती आहे हे सांगणारं माझं फेरिटिन ७ होतं, म्हणजे साठ्याचा डबा तळाला लागलेला. आणि बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः याच शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेत असतं. खाण्याकडे लक्ष द्याच, पण इतकी मोठी तूट आता नुसत्या ताटातून भरून निघणार नाही, असंही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मला ते बरं वाटलं. तोवर जो तो मला काही ना काही खायला सुचवत होता आणि आकडा वाढला नाही की दोष माझ्या खाण्याला लागत होता.

दोन आठवडे मी त्या कागदाप्रमाणे एकही दिवस न चुकवता गोळी घेतली. आकडा ९.२ झाला. दिवस थोडे उरले होते, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. सलाइनच्या बाटलीत ते गडद तपकिरी औषध मिसळताना पाहून माझे हात गार पडले. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि दर थोड्या वेळाने विचारत राहिलात, "सुई टोचलीये तिथे जळजळतंय का? सुजल्यासारखं वाटतंय?" औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर डाग पडतो आणि तो लवकर जात नाही, म्हणून तुमची नजर तिथून हलत नव्हती. क्वचित कुणाला जोराची अॅलर्जी येते, म्हणून संपल्यावरही अर्धा तास थांबवून घेतलंत. मला काही झालं नाही. त्या आठवड्यातच एका रात्री मी सलग पाच तास झोपले. पाय शांत होते.

सदतिसाव्या आठवड्यात १०.७.

बाळंतपणात रक्त जाणारच, त्यासाठी ही सगळी धडपड होती. तुम्ही आधीच बजावून ठेवलं होतं, नाळ लगेच कापू नका, निदान एक मिनिट थांबा, हे प्रसूतीच्या वेळी आठवणीने सांगा. तेवढ्यात बाळाला त्याच्या वाट्याचं आणखी रक्त मिळतं. कळांमध्ये मला ते आठवलं नसतं. नवऱ्याने सांगितलं, कारण तुम्ही त्यालाही बोलावून समजावलं होतं. नाळ थांबून कापली. मुलगी झाली.

नंतर माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आकडा वर आला म्हणून लगेच सोडायच्या नाहीत, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात, हे तुमच्याकडून ऐकलेलं होतं. बाळ, जागरणं, दूध पाजणं यात गोळी विसरायला फार वेळ लागत नाही. तुमचा तो दोन रकान्यांचा कागद मी फ्रीजच्या दारावर लावला होता, घड्यांवर फाटला म्हणून मागून चिकटपट्टी मारली. परवा गोळ्यांची शेवटची पट्टी संपली. हिमोग्लोबिन १२.३ आहे. बर्फ खावासा वाटेनासा होऊन किती दिवस झाले, ते आता आठवतही नाही.

मंगळवारी मुलीला लस द्यायला आणणार आहे. तुमची ड्युटी असेल तर तिला कडेवर घेऊन जिन्याने वर येईन.

तुमची,
एक पेशंट