चाचा, ती तीट तुम्ही ठेवलीत

चाचा,

सलाम. गाडी घरी येऊन आज बारा दिवस झाले. रोज सकाळी खाली जाते, कव्हर सारते, डाव्या मागच्या मडगार्डवर हात ठेवते आणि थोडा वेळ तशीच उभी राहते. तुम्हाला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा काही बोलताच आलं नाही. तुम्ही "पोचली का नीट?" म्हणालात, मी "हो" म्हणाले, संपलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गाडी बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "कुणी केली?" तुम्ही बजावलं होतंत, "नाव नको ताई, काम बघू दे." म्हणून नाव लिहीत नाही. पण काम कसं झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ही १९५१ सालची एमजी टीडी. दोन माणसांची, उघडी, हस्तिदंती रंगाची, आत लाल सीटा. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात अशा २९,६६४ गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यातली एक मुंबईत आली. बाबांनी ती १९६८ साली एका पारशी गृहस्थांकडून घेतली आणि ती माहीमला आमच्या इमारतीच्या आवारात उभी राहू लागली, समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर. खारा वारा आणि चार महिने पाऊस. त्यात या गाडीची बॉडी म्हणजे आत ॲश लाकडाचा सांगाडा आणि वरून त्याला ठोकलेला पत्रा. लाकूड पाणी धरून ठेवतं, पत्रा त्याला चिकटून असतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं सगळं खाऊन झालेलं असतं.

बाबा होते तोवर दर जूनच्या आधी ते सगळी गाडी स्वतः तपासायचे. ते गेले, मग २०१९ मध्ये आई गेली. मी ठरवलं, गाडी विकायची नाही, नीट करायची.

चाचा, तुमच्याआधी दोन ठिकाणी गेले होते हे तुम्हाला माहीत आहे. काय झालं ते मी कधी पूर्ण सांगितलं नाही.

पहिल्या गॅरेजात मला पहिलं वाक्य ऐकवलं गेलं ते "मॅडम, साहेबांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो." साहेब नाहीत, गाडी माझी आहे, असं सांगितल्यावर माझ्याशी बोलणंच बंद झालं. काय करताय विचारलं की "तुम्हाला नाही कळणार." आत येऊन बघू का विचारलं की "इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो." ऐन जुलैत, बाहेर धो-धो पाऊस पडत असताना त्यांनी रंग मारला. गणपतीच्या आधी गाडी चकाचक होऊन दारात आली. पुढच्या पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला पापडासारखे फोड आले. नखाने टोकरलं तर खपली निघाली आणि मागे पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी. गंज कापलाच नव्हता, झाकला होता. पुट्टी ओल शोषून घेते, आणि लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. हे सगळं मला नंतर तुम्ही समजावून सांगितलंत. त्यांनी मला फक्त बिल समजावून सांगितलं होतं.

पण फोडांपेक्षा मोठी गोष्ट गाडी आली त्याच दिवशी घडली होती. डाव्या मडगार्डवरचा पोचा गायब होता. "तो पण काढून टाकला मॅडम, त्याचे वेगळे नाही लावले." मी काही बोलू शकले नाही. पैसे दिले, घरी आले आणि दार लावून रडले.

दुसऱ्या ठिकाणाबद्दल फार लिहीत नाही. ॲडव्हान्स घेतला, गाडी चौदा महिने ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवली, एका हेडलाइटची रिंग हरवली, आणि शेवटी म्हणाले, "यात आता काही उरलं नाही, भंगारात द्या."

तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, कोल्हापूरला आण. उद्यमनगराच्या मागे एक चाचा आहेत, काम कमी घेतात, पण घेतलं की करतात. पावणेचारशे किलोमीटर ट्रकवर घालून गाडी आणली. तुम्ही ट्रकमागे उभे होतात. गाडी खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन दारापासून मागच्या टाकीपर्यंत टकटक करत गेलात. कुठे खणखणीत वाजायचं, कुठे बद्द. बद्द वाजलं की खडूने रेघ. नंतर खिशातून एक चुंबक काढलंत, रुमालात गुंडाळलंत आणि ते माझ्या हातात दिलंत. "ताई, तुम्हीच फिरवा. मी सांगितलेलं कशाला मानायचं?"

मी फिरवलं. दारांच्या खालच्या वीतभर भागावर ते धरेचना. पायरीच्या पट्टीवर घसरलं. डाव्या मडगार्डवर, जिथे पोचा होता तिथे, सरळ खाली पडलं. मी ते उचललं आणि पुढे गेले. तिथे काय होतं हे तुम्हाला तेव्हा सांगावंसं वाटलं नाही. जे गेलं ते गेलं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

किती खर्च येईल विचारलं तर म्हणालात, "उघडल्याबिगर सांगितलं तर खोटं सांगितलं." आणि दिवाळीनंतर रंग. तेव्हा मार्च चालू होता. जूनमध्ये मी तुम्हाला फोन करून जे बोलले त्याची आज मनापासून माफी मागते. तुम्हीही आधीच्यांसारखेच निघालात, असं म्हणाले मी. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात, "पत्र्याचं काम चालू हाय. रंग पावसात न्हाई मारणार. हवेत पाणी असलं की रंग पांढरा पडतो, आन् खाली ओल अडकली की परत तेच." तुमच्या शेडमध्ये तेव्हा खरोखरच काम चालू होतं हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. कुजलेलं लाकूड काढून सुताराने सागवानाच्या नव्या पट्ट्या बसवल्या होत्या आणि दारांना खालून वीतभर नवा पत्रा होता, सांधा बोटालासुद्धा लागत नव्हता.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती.

त्या भांडणानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी तुमचा फोन आला. मला वाटलं पैशांचं काहीतरी असेल. तुम्ही म्हणालात, "ताई, एक विचारायचं हुतं. मागच्या मडगार्डावरची लांबी, म्हंजे ती पुट्टी, काढली. अंगठ्याएवढी जाड हुती. खाली पोचा निघालाय. ह्यो ठेवायचा का काढायचा?"

मला क्षणभर कळेचना. पोचा कुणी ठेवतं का? गाडी रंगाला देतो ती पोचे काढण्यासाठीच ना! मी विचारलं, "असं का विचारता चाचा?"

तुम्ही जे सांगितलंत ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "आधीच्यानं खालचा रंग घासलाच न्हाई, वरनंच लांबी भरली. त्यामुळं खालचं सगळं जाग्यावर हाय. पोच्याच्या आत दोन रंग हायत, एक पिवळसर, त्याच्यावर एक पांढरा. म्हंजे पोचा पडल्यावर गाडी दोनदा रंगवली, आन् दोन्ही टायमाला कुणी ठोकून काढला न्हाई. आन् सगळ्या मडगार्डात तेवढाच पत्रा चांगला हाय, मेण लावल्यागत. कुणीतरी जपलाय त्यो. म्हणून विचारलं."

चाचा, मी तिथेच जमिनीवर बसले.

१९७४ साल होतं. मी दहा वर्षांची, भाऊ सात वर्षांचा, आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. आई गाडी शिकत होती. बाबा शेजारी बसलेले. तिने रिव्हर्स घेतली आणि गाडी थेट फाटकाच्या दगडी खांबावर. आवाज एवढा मोठा झाला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. आई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. बाबा उतरले, मागे गेले, वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "गाडीला तीट लावलीस गं! आता हिला कुणाची दृष्ट लागायची नाही." आई रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी परत गाडीवर बसली. शिकली. पुढे कितीतरी वर्षं भर पावसात गळक्या हुडखाली ती आम्हाला शाळेतून आणायची.

बाबांनी १९७९ आणि १९९३ मध्ये गाडीला रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला निक्षून सांगितलं, तीट राहू दे. आणि दर जूनच्या आधी ते मेणाची डबी घेऊन त्या पोच्यात बोटाने मेण चोळायचे, कारण तिथला रंग तडकलेला होता आणि पाणी शिरलं असतं. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला ते पत्र्याने सांगितलं.

मी तुम्हाला म्हणाले, "ठेवा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. पुढे काय काय केलंत ते मला तुमच्या पोराकडून कळलं. सपाट पत्रा ठोकळ्याला पेपर लावून घासता येतो. पोच्यात ठोकळा चालत नाही. तिथे प्रत्येक हात, प्रायमरचा आणि रंगाचा, तुम्ही पाण्यात भिजवलेला पेपर बोटाच्या टोकाला धरून घासलात. तो पोचा ठोकून काढायला अर्धा दिवस लागला असता. ठेवायला तुम्हाला तीन दिवस लागले. बिलात त्याची ओळ नाही, मी दोनदा तपासलं.

पोराने आणखी एक सांगितलं, ते तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत. रंग झाल्यावर गाडी शेडबाहेर उभी असताना कुणी ओळखीचे आले, सगळी गाडी बघितली आणि म्हणाले, "एवढं केलं चाचा, आणि हा पोचा काढायला जमला नाही होय?" तुम्ही म्हणालात, "न्हाई जमला." माझ्या घरातली गोष्ट तुम्ही चारचौघांत सांगितली नाहीत. चाळीस वर्षं हातोडी आणि डॉली (पत्रा ठोकताना मागे धरायचा लोखंडी ठोकळा) हातात धरलेल्या माणसाने माझ्या आईच्या पोच्यासाठी स्वतःच्या कामाला नावं ठेवून घेतली. हे मी कसं फेडू, तुम्हीच सांगा.

आई शेवटी आजारी होती तेव्हा वॉर्डात एक नर्स होती. हात सुजले होते, बांगड्या कापाव्या लागणार होत्या. बाकीच्यांनी सरळ कात्री आणली असती. ती आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, काढू का? नाही म्हणालात तर थांबते थोडी." आईने मान हलवली, तेव्हाच तिने कापल्या, आणि तुकडे रुमालात बांधून माझ्या हातात दिले. तुमचा फोन आला तेव्हा मला तीच आठवली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणं, त्या वस्तूत आपल्याला न दिसणारं काही असू शकेल असं मानणं, हे कुठल्या आयटीआयत शिकवत नाहीत. मोठमोठ्या काचेच्या शोरूममध्ये मला ते मिळालं नाही. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं, जिथे बसायला तुम्ही रंगाचा डबा उलटा करून त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं होतंत.

आणि ते पोतं. गाडीबरोबर ट्रकमध्ये एक गोणी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. उघडली तर कापून काढलेला सगळा सडका पत्रा, प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहिलेलं: उजवं दार, डावं दार, टाकीची बाजू, पायरी. एक तुकडा हातात घेतला तर त्याची चाळण झाली होती, पलीकडचा उजेड दिसत होता. मावसभाऊ म्हणाला, टाकून दे. पण चाचा, तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला दाखवलं की माझ्या गाडीतून काय काढलं आणि काय घातलं. ती गोणी मी जिन्याखाली ठेवली आहे.

तुमचा पोरगा म्हणाला की इतके महिने गाडी तुमच्याकडे होती, पण तुम्ही एकदाही स्टिअरिंगवर बसला नाहीत. हलवायची असली की सगळे मिळून ढकलायचे, कारण "मालकिणीनं अजून चालवली न्हाई." आता मी चालवली आहे. जानेवारीत रजा काढून गाडी घेऊन कोल्हापूरला येते. चाचींना सांगून ठेवा, एक रविवार मोकळा ठेवा. पन्हाळ्याला जाऊ, वर झुणका-भाकरी खाऊ. जाताना तुम्ही चालवायची, मी शेजारी बसेन. रिव्हर्स गिअर जरा अडतो, तेवढं सांभाळा.

तुमची,
माहीमची ताई