आखूड डाउनकमर आणि पुस्तिकेतील धोकादायक सूचनेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
ऑकलंड

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या, अल्कोहोल गाळण्याच्या ४ इंची काचेच्या कॉलमबद्दल ही तक्रार आहे. त्यात चार प्लेटा आहेत आणि त्यांवर बबल-कॅप, म्हणजे वाफ द्रवातून बुडबुडत सोडणाऱ्या टोप्या आहेत. खालून तिसरी प्लेट चालत नाही असे कळवल्यावर फोनवर आपल्या माणसाने "नवीन हात आहे, प्लेटा भरायला वेळ लागतो, वॉट वाढवून बघा" असे सांगून विषय संपवला. आपल्याकडे मराठी चालते, म्हणून मराठीतच सविस्तर लिहितो. दोष हाताचा नाही, एका प्लेटवरचा द्रव खाली उतरवणाऱ्या नळीचा, म्हणजे डाउनकमरचा आहे.

डिफ्लेग्मेटरचे, म्हणजे कॉलमच्या माथ्यावरच्या थंड करणाऱ्या भागाचे, पाणी पूर्ण चालू ठेवून कॉलम तापवला की वाफ तिथेच द्रव होऊन परतते आणि प्लेटा वरून खाली भरत येतात. या कॉलमात चौथी प्लेट छान खळखळते, पण तिसरीच्या कॅप मुक्या. बुडबुडे कॅपखालून येण्याऐवजी डाउनकमरच्या तोंडातून उसळतात. वॉट वाढवले की खाली उतरू न शकणारा द्रव चौथीवर चढत जातो आणि थेट उत्पादनाच्या नळीतून भसकन बाहेर येतो. म्हणजे आपल्या सल्ल्याने दुखणे वाढते.

कारण मापात सापडले. बाकीच्या डाउनकमरांचे टोक खालच्या प्लेटवरच्या १२ मिमी खोल वाटीत ७ मिमी बुडते. तिसरीचा डाउनकमर १४ मिमी आखूड आहे, म्हणून त्याचे टोक वाटीच्या काठाच्याही ७ मिमी वर लटकते. द्रवाचा अडसर नाही, मग वाफ सोपी वाट सोडून कॅपखाली कशाला शिरेल? दुसरी आणि तिसरी प्लेट अदलाबदल करून साध्या पाण्यावर पुन्हा चालवले, तर दोष प्लेटबरोबर खाली सरकला.

शिवाय, यादीत प्रवाह बारकाईने कमीजास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह लिहून खोक्यात झटक्यात उघडझाप होणारा बॉल व्हॉल्व्ह दिला आहे. डिफ्लेग्मेटरच्या पाण्यावर तो निरुपयोगी. मूठ केसभर हलली तरी थेंबांची धार होते, नाहीतर सगळेच थांबते.

सर्वांत गंभीर बाब पुस्तिकेच्या पान ६ वर आहे: "कॉलम स्थिर होईपर्यंत २० मिनिटे उत्पादनाचा नळ बंद ठेवावा." कृपया हे वाक्य आजच मागे घ्या. पूर्ण रिफ्लक्स, म्हणजे सगळी वाफ द्रव होऊन परतणे, डिफ्लेग्मेटरच्या पाण्याने मिळतो. उत्पादनाचा नळ बंद केला की तापता बॉयलर बंदिस्त भांडे होतो, दाब वाढतो आणि जोडांतून अल्कोहोलची वाफ सुटते. एक ठिणगी पुरे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते गाळणे कायदेशीर आहे. पहिल्यांदाच गाळणारा माणूस पुस्तिकेवर विसंबतो. मुळात त्या जागी नळ असायलाच नको.

योग्य मापाची तिसरी प्लेट आणि नीडल व्हॉल्व्ह दोन आठवड्यांत आपल्या खर्चाने पाठवावेत, आणि पान ६ ची दुरुस्ती हा कॉलम घेतलेल्या प्रत्येकाला कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक हमी कायदा, १९९३ नुसार कॉलम परत करून पूर्ण रक्कम मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मोजपट्टीसह चारही डाउनकमरांचे फोटो, पाण्यावरील चाचणीचा व्हिडिओ